छायाचित्रातील तिसरी व्यक्ती

उन्नतीला कॅनडाचा व्हिसा मिळाला.

हे वाक्य वाचून झालं असेल तर आता डोक्यातून काढून टाकावं. असं काहीही झालेलं नाही. ही गोष्ट सुरू होते तेव्हा व्हिसा मिळणं तर सोडाच, तो मिळवायला काय काय लागतं हेसुद्धा नागपूरच्या प्रताप नगरातल्या मधुकररावांच्या घरी कोणाला ठाऊक नव्हतं. आणि आपल्याला ठाऊक नाही, हे मधुकररावांना ठाऊक नव्हतं. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

मधुकरराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी लोकांच्या फायलींत काय कमी आहे ते शोधण्यात घालवली. अपुरी फाईल त्यांच्या टेबलावरून कधी पुढं सरकली नाही, असं खात्यात अभिमानानं सांगत. पुरी फाईलही सरकली नाही, असं खात्याबाहेर सांगत. त्यामुळे विनिपेगला नोकरी करणाऱ्या त्यांच्या पियूषनं बायकोला स्पॉन्सर करायचं ठरवलं, तेव्हा मधुकररावांनी फोनवर एवढंच सांगितलं, "इकडची फाईल माह्याकडे. तू तिकडं फक्त सह्या कर."

"हो बाबा," पियूष म्हणाला. बालवाडीपासून तो हेच म्हणत आला होता आणि त्याचं काही वाईट झालं नव्हतं.

उन्नती नरखेड तालुक्यातल्या, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातली. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरूनच काम करायची. काम काय, तर लोकांनी बनवलेले ऑनलाईन अर्ज भरून बघायचे आणि ते कुठं अडतात ते शोधायचं. म्हणजे जगातले अर्ज कुठं अडतात हे जिला पगार देऊन विचारलं जात होतं, ती बाई त्याच घरात वरच्या खोलीत बसलेली होती. तिला या अर्जाबद्दल कोणी काही विचारलं नाही. घरात हेडक्लार्क असताना सुनेला काय विचारायचं?

लग्नाला दीड वर्ष होत आलं होतं, आणि नवरा-बायको एका छताखाली राहिल्याचा सगळा काळ पियूषच्या एका रजेच्या अर्जात मावत होता. अर्ज नामंजूर झाला असता तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणजे आणखी तितकाच काळ उन्नती वरच्या खोलीत आणि पियूष बर्फात. हे दोघांनाही कळत होतं. दोघांनीही ते बोलून दाखवलं नव्हतं, निदान मधुकररावांसमोर तरी.

त्रिमूर्ती नगरात हिमानी मॅडमचं व्हिसा सल्ला केंद्र होतं. भिंतीवर कॅनडाचं लाल पान, खाली फिरता पंखा. मधुकररावांनी फाईल टेबलावर अशी ठेवली की ती जणू मंजूर होऊनच आली आहे.

"मॅरेज सर्टिफिकेट, पत्रिका, हॉलची पावती. सगळं साक्षांकित."

"हे लग्न झाल्याचं प्रूफ झालं काका," हिमानी मॅडम म्हणाली. "नातं खरं असल्याचं पाहिजे."

"नऊशे माणूस जेवलं मॅडम."

"ते जेवण खरं असल्याचं प्रूफ झालं."

मग तिनं समजावून सांगितलं. दोघांचे एकत्र फोटो लागतील. दोघांमधलं बोलणं, म्हणजे मेसेज वगैरे लागतील. दोघांना ओळखणाऱ्या लोकांची पत्रं लागतील. थोडक्यात, फाईल वाचून ऑफिसरला वाटलं पाहिजे की या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे.

हा शब्द आल्याबरोबर मधुकरराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले आणि उन्नती स्वतःची चप्पल पाहायला लागली. त्यांच्या घरी हा शब्द यापूर्वी एकदाच, "प्रेमानं वाढलं आहे, नाही म्हणू नका" या वाक्यात वापरला गेला होता, आणि तेव्हाही तो आमरसाबद्दल होता.

दुपारी पलंगावर अल्बम पसरले गेले. मधुकरराव एकेक फोटो उचलायचे आणि प्रयागबाईंकडे द्यायचे. प्रयागबाई तो पाहायच्या, चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहायच्या आणि पुढचा मागायच्या.

लग्नाच्या स्टेजवर डावीकडे उन्नती, उजवीकडे पियूष, मधात मधुकरराव. सत्यनारायणाला डावीकडे उन्नती, उजवीकडे पियूष, मधात मधुकरराव. रामटेकच्या पायऱ्यांवर उन्नती पार डाव्या टोकाला, पियूष पार उजव्या टोकाला, दोघांच्या मधात सात नातेवाईक आणि त्यांच्या मधात मधुकरराव. यात मधुकररावांचा दोष नव्हता. फोटो म्हटला की कर्ता पुरुष मध्यभागी, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, ही त्यांच्या घराण्याची रचना होती. धरणाच्या भिंतीसारखे ते मध्ये उभे राहत आणि बाकीचे दोन्हीकडे पसरत.

"पचमढीचे पाहा," प्रयागबाई म्हणाल्या. "ते तं हनीमूनचे आहेत."

हनीमूनला नऊ जण गेले होते, कारण गाडी मोठी मिळाली होती आणि रिकाम्या सीटचंही भाडं तेवढंच पडणार होतं. त्यातही एक फोटो फक्त दोघांचा होता. धूपगढचा सूर्यास्त, पियूष आणि उन्नती. तो मधुकररावांनी स्वतः काढला होता. त्यात पियूष होता. सूर्य आणि उन्नती दोन्ही मधुकररावांच्या अंगठ्याआड मावळले होते.

"अहो, एक तरी ठिकाणी तुम्ही बाजूला सरकायचं होतं."

"फोटोग्राफर म्हणे, सेंटर रिकामा दिसते."

अखेर अल्बमच्या शेवटच्या पानांवर घबाड सापडलं. फोटोग्राफरनं आपल्या कल्पनेनं दोघांना एकदा बर्फाच्या डोंगरात, एकदा उंच लोखंडी मनोऱ्यासमोर आणि एकदा दोन राजहंसांच्या मध्ये चिकटवलं होतं. हातात हात, डोळ्यांत डोळे, सासरे कुठंही नाहीत. मधुकररावांनी ती तीनही पानं फाईलला लावली आणि मागे पेन्सिलीनं लिहिलं, "एकत्र प्रवास."

तेवढ्यात दिवाळीला पियूष दोन आठवड्यांसाठी आला. हिमानी मॅडम म्हणाली, दोघांनाच कुठंतरी पाठवा, मोकळे फोटो निघू द्या. मधुकररावांनी दोघांना लगेच फुटाळा तलावावर पाठवलं, आणि फोटो मोकळे निघताहेत की नाही ते पाहायला प्रयागबाईंना स्कूटरवर बसवून स्वतः मागोमाग गेले.

"जवळ या," त्यांनी मोबाईल डोळ्यांसमोर धरला.

दोघं वीतभर सरकली.

"अजून. लाजू नका, सरकारी काम आहे."

अजून वीतभर.

"बस. आता इतकंही नाही."

"खांद्यावर हात ठेवायले सांगा ना त्याले," प्रयागबाई कुजबुजल्या.

"तू सांग."

"मी काहून सांगू? फाईल तुमच्याकडे आहे."

मधुकररावांनी तलावाच्या दिशेला तोंड केलं आणि हुकूम सोडला, "पियूष, खांदा." पियूषनं आज्ञाधारकपणे स्वतःचा खांदा सरळ केला. मग त्याला अर्थ लागला, त्यानं हात उचलला, आणि तो हात अजून हवेतच असताना मागून आवाज आला, "अवं प्रयाग, तुम्ही इकडं कुठं वं?"

इंदुताई. समोरच्या घरातल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. पियूषला चौथीत त्यांनी शिकवलं होतं. वर गेलेला हात तसाच पुढं नेऊन त्यानं नमस्कार केला. फोटो निघाला तो त्याच क्षणी. त्यात पियूष अर्धा चौकटीबाहेर वाकून नमस्कार करतो आहे, उन्नती पदर नसताना पदर सावरते आहे आणि दोघांच्या मधल्या जागेतून भुट्टेवाला कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. तीन माणसांपैकी सुखी तो एकटाच दिसत होता.

याच सुमारास मार्तंडराव मैदानात उतरले. हे शेजारच्या घरातले, मौद्याच्या वीज प्रकल्पातून निवृत्त. त्यांचे जावई मस्कतला असल्यामुळे गल्लीत परदेश हा विषय त्यांच्याकडे होता.

"मधुकरराव, फोटोनं काही होत नाही गा. परदेशातला माणूस स्टँपपेपरले मानते. प्रेमाचं एक प्रतिज्ञापत्र जोडून द्या. मंग कोणाची बिशाद आहे?"

मधुकररावांना हे तत्काळ पटलं. स्टँप या गोष्टीवर त्यांची देवापेक्षा थोडी जास्त श्रद्धा होती. पियूष परत जायच्या आधी तो आणि उन्नती, सोबत मधुकरराव आणि मार्गदर्शक म्हणून मार्तंडराव, असे चौघं कोर्टासमोरच्या टायपिस्टकडे गेले.

टायपिस्टनं आपल्या संगणकात पाहिलं. "नावात बदल आहे, शिक्षणात खंड आहे, रेशनकार्ड हरवलं आहे. प्रेमाचा फॉर्मेट नाही साहेब. नवरा-बायकोमध्ये एकच चालते, संमतीनं घटस्फोटाचा."

"मंग तोच उलटा करा ना," मार्तंडराव म्हणाले.

टायपिस्टनं तो उलटा केला. 'विभक्त' होतं तिथं 'एकत्र' टाकलं, 'मतभेद' होते तिथं 'प्रेम' टाकलं. "आम्हा उभयतांमध्ये लग्नाच्या प्रथम दिवसापासूनच तीव्र प्रेम निर्माण झाले असून, नातेवाईकांनी समजूत घालूनही ते मिटू शकलेले नाही." शेवटचं कलम तेवढं त्याच्या हातून राहून गेलं. ते असं होतं: "उभयतांनी एकमेकांच्या वस्तू परत केल्या असून यापुढे कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार राहणार नाही." मधुकररावांनी ते दोनदा वाचलं. कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार नाही, यापेक्षा सुखी संसाराची व्याख्या त्यांना सुचेना. उन्नतीला काहीतरी म्हणायचं होतं, पण तोवर मार्तंडरावांनी पेन तिच्या हातात दिलं होतं.

पियूष गेला. आता राहिले मेसेज.

"तुमचे दोघांचे जेवढे मेसेज असतील तेवढे काढून दे," मधुकररावांनी उन्नतीला सांगितलं. "तारीखवार."

उन्नती पोहे परतत होती. "सगळे, बाबा?"

"सगळे. मी वाचतो, छाननी करतो, पान क्रमांक टाकतो."

पोहे त्या दिवशी खाली लागले. उन्नती वर गेली आणि दोन-तीन दिवस कामापुरतीच खाली आली. नंतर तिनं एक जाड गठ्ठा आणून दिला. छाननी तिनं स्वतःच केली होती. सासऱ्यांनी वाचावं असं जेवढं होतं तेवढं ठेवलं होतं. मधुकरराव चष्मा पुसून वाचायला बसले.

"जेवलास का?"

"हो. तू?"

"हो."

"काय होतं?"

"वांगं."

पुढच्या पानावर गवार. त्याच्या पुढं पुन्हा वांगं. मध्येच एकदा "आईचा गुडघा कसा आहे?" आणि त्यावर "बरा आहे." एवढी एक वळणाची जागा सोडली तर शेवटपर्यंत पदार्थ बदलत होते, भावना तीच होती.

मधुकररावांनी चष्मा पुन्हा पुसला. "पाह्य, किती साधी लेकरं आहेत," ते प्रयागबाईंना म्हणाले.

प्रयागबाईंनी गठ्ठ्याच्या कडा सरळ करून दिल्या. सुनेच्या खोलीतला दिवा कधी विझतो ते त्यांना ठाऊक होतं. गवारीवर इतका वेळ बोलता येत नाही, हेही ठाऊक होतं. पण नवरा एखाद्या कागदावर खूश झाला की तो कागद त्याच्या हातून घेऊ नये, हा धडा त्यांनी संसाराच्या पहिल्याच वर्षी घेतला होता.

शेवटी शेजाऱ्यांची पत्रं. इंदुताईंनी आपलं पत्र इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि सगळ्यांना कळावं म्हणून त्याचा अर्थ ओट्यावर उभं राहून वाचून दाखवला. "मी या जोडप्याला लग्नापासून पाहत आहे. आजवर एकदाही मी या दोघांना एकत्र बसलेलं पाहिलेलं नाही. दोघांना एकमेकांशी बोलतानाही मी कधी ऐकलेलं नाही. आजच्या काळात असं जोडपं दुर्मीळ आहे."

प्रयागबाईंनी डोळ्यांना पदर लावला. एवढी स्तुती त्यांच्या खानदानात कोणाची झाली नव्हती.

आता मार्तंडराव मागं कसे राहणार? त्यांनी लिहिलं, "नवरा गॅलरीत आला की सून ताबडतोब आत निघून जाते, हे मी माझ्या घरातून रोज पाहिलं आहे. सासऱ्यांची मात्र ती फार काळजी घेते. दोघं रोज सकाळी सोबत चहा पितात." हे वाक्य आपल्याबद्दल आहे हे लक्षात आल्यावर मधुकररावांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

फाईल गेली. अपलोड मधुकररावांनी स्वतः केली, एका बोटानं, आणि प्रत्येक कागद गेल्यावर दोन मिनिटं थांबून, तो पोचला असेल असं वाटल्यावर पुढचा.

उन्हाळा लागता लागता हिमानी मॅडमचा फोन आला. उत्तर आलं होतं, पण हवं ते नव्हतं. सगळे तिच्या केंद्रात जाऊन बसले. तिनं पत्र उघडलं, मनात थोडं वाचलं, पाणी मागवलं, पाणी प्यायली आणि मग सांगायला सुरुवात केली.

ऑफिसरला हे नातं खरं आहे याबद्दल शंका होती. अर्जदार बाई आणि तिचा नवरा स्वित्झर्लंड आणि पॅरिसला गेल्याचे फोटो आहेत, पण पासपोर्टवर तशी नोंद नाही. राजहंसांबद्दल खुलासा करावा. दोन स्वतंत्र साक्षीदारांनी स्वखुशीनं लिहून दिलं आहे की नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत आणि नवरा दिसताच बायको निघून जाते. प्रतिज्ञापत्रानुसार दोघांनी वस्तू परत केलेल्या आहेत. त्या का परत केल्या? दोघांमधलं बोलणं मुख्यतः भाज्यांबद्दल आहे.

"आणखी एक आहे," हिमानी मॅडमनं पुन्हा पाण्याचा ग्लास उचलला. "बहुतेक सगळ्या फोटोंमध्ये अर्जदार बाईच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ आहेत. बाई सकाळचा चहाही त्यांच्याचसोबत घेते, असं साक्षीदार म्हणतो. ते विचारतात, या नात्यातल्या या तिसऱ्या व्यक्तीची भूमिका काय?"

पंखा फिरत राहिला.

"तिसरी व्यक्ती," मधुकरराव म्हणाले.

"तसं लिहिलं आहे काका. महिन्याभरात नीट उत्तर गेलं नाही तर नामंजूर करतील."

 घरी येताना लक्ष्मी नगरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मधुकरराव एकदम म्हणाले, "मी असतो तं मीही अडवली असती." उभ्या नोकरीत त्यांनी कुठल्याही अधिकाऱ्याला यापेक्षा मोठी शाबासकी दिली नव्हती. त्या संध्याकाळी वरणाला मीठ नव्हतं. कोणीही तसं म्हणालं नाही. उन्नती मान खाली घालून जेवली आणि ताट उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू राहिला, ताटं मात्र चारच होती आणि त्यातलं एक तर नुसतं भाकरीचं होतं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर समिती बसली.

"माह्या साक्षीत काही खोट नाही," इंदुताई म्हणाल्या. "मी खरं तेच लिहिलं. तिकडच्या लोकांना चांगलं कशाला म्हणतात तेच कळत नसेल तर मी काय करू?"

"मी एक सांगू का?" मार्तंडराव म्हणाले. "अजून एक प्रतिज्ञापत्र करा. मधुकररावांनी लिहून द्यायचं की मी या बाईचा नवरा नाही."

मधुकरराव यावर विचार करायला लागले. खरोखर करायला लागले. कोणत्या किमतीचा स्टँपपेपर लागेल इथपर्यंत ते पोचले होते. प्रयागबाईंनी आतून भाजीची परात आपटली. "जन्मभर सांगून राहिली, बाजूले सरका, बाजूले सरका. माह्या बहिणीच्या लग्नातही नवरदेव-नवरीच्या मधात घुसले होते हे."

"मले बोलावलं होतं स्टेजवर."

"आहेर द्यायले बोलावलं होतं."

मधुकरराव उठून आत गेले. त्यांना कोणी तिसरी व्यक्ती म्हणेल हे त्यांनी स्वप्नात आणलं नव्हतं. ते नेहमी पहिली व्यक्ती होते. ज्यांच्या सहीशिवाय पाटाचं पाणी सुटत नसे ते ते होते. निदान पाणी सुटल्याचं पत्र तरी सुटत नसे.

उन्नती दारात येऊन उभी राहिली. "बाबा, ते उत्तर मी लिहू का?"

"तुले जमन?"

"रोजचं काम आहे माझं. अर्ज कुठं अडतो ते पाहायचं."

मधुकररावांनी तिच्याकडे पाहिलं. ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नव्हती की सांगितली असून आपण ऐकली नव्हती, हे त्यांना ठरवता येईना. "अन् पुरावा कुठून आणशील?"

उन्नती दाराच्या कडीशी खेळत राहिली. "पुरावा आहे बाबा. भरपूर आहे. फक्त तुम्ही तो वाचू नका."

"छाननी करावी लागन ना पण."

"नको."

"निदान पान क्रमांक."

"ते मी टाकीन बाबा."

अर्थ पोचायला थोडा वेळ लागला. पोचला तेव्हा आधी कानांत पोचला. कान लाल झाले. ज्या माणसानं न वाचता कधी धोब्याचं बिलही दिलं नाही, त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. "बरं मंग," ते म्हणाले. "मी जरा बाहेर बसतो."

फाटकापाशी खुर्ची टाकून ते बसले. त्यांच्या घरची फाईल आत तयार होत होती आणि ते बाहेर होते. आपल्या ऑफिसबाहेर अभ्यागतांसाठी ठेवलेल्या बाकड्यावर तासन्तास बसून लोकांना कसं वाटत असेल, असा एक विचार त्यांच्या मनात आला. तो त्यांना आवडला नाही, म्हणून त्यांनी कुंडीतल्या तुळशीची वाळलेली पानं काढायला घेतली.

मार्तंडराव कुंपणावरून डोकावले. "काहून गा मधुकरराव, बाहेर काहून बसून राहिले?"

"आत फाईल पुरी होऊन राहिली."

"तुमच्याशिवाय?"

"ती माह्याशिवायच पुरी होते," मधुकरराव म्हणाले, आणि आपण हे काय बोललो ते स्वतःशी एकदा तपासून पाहिलं. बरोबर होतं.

वरच्या खिडकीतून उन्नतीचं हसणं आलं. मग फोनच्या स्पीकरवरून पियूषचं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं यावर दोघांची झकास भांडाभांडी चालली होती. "हे नाही हं, हे पाठवलंस तर मी नागपूरला तोंड दाखवणार नाही," पियूष म्हणत होता. तो इतकं सलग बोलतो हे मधुकररावांना आज कळलं. "हो बाबा"च्या पलीकडे या मुलाकडे एवढी वाक्यं होती, आणि ती सगळी मेहनतीनं साठवून तो वरच्या खोलीकडे पाठवत होता.

"हे रेकॉर्ड करून पाठवा ना," मार्तंडराव म्हणाले.

"तुम्ही घरात जा मार्तंडराव," मधुकरराव म्हणाले. "आपण कोणी ऐकायचं नाही हे." आणि त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून आवाज येणार नाही इतकी दूर, थेट गुलमोहराखाली नेली. गल्लीत त्यांना कोणी एवढं बाजूला सरकलेलं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी उन्नतीनं पुराव्याचा गठ्ठा सोडून फक्त वरचं पत्र त्यांना वाचायला दिलं. ते एका पानाचं होतं. बर्फ, मनोरा आणि राजहंस फोटोग्राफरच्या संगणकातले आहेत. वस्तू परत केलेल्या नाहीत. ते कलम दुसऱ्या एका जोडप्याचं आहे, त्यांना आमच्या शुभेच्छा. शेजाऱ्यांनी लिहिलेलं सगळं खरं आहे आणि आमच्या गल्लीत ती स्तुती समजली जाते. आधी पाठवलेले मेसेज सासऱ्यांसाठी होते, सोबतचे आमचे आहेत. आणि सर्वांत खाली, "फोटोत मध्ये उभे आहेत ते माझे सासरे. ते मध्ये उभे राहतात. त्यांनीच माझी फाईल तयार केली, कारण मी लवकर जावं असं त्यांना मनापासून वाटतं, आणि सकाळचा चहा मी त्यांच्यासोबत घेते कारण तो ते करतात."

मधुकररावांनी पत्र दोनदा वाचलं. एकही शब्द बदलला नाही. फक्त शेवटच्या ओळीवर थोडा वेळ बोट ठेवून बसले आणि मग म्हणाले, "पाठव."

पुढं काय झालं ते झालेलंच नाही असं आपण सुरुवातीला ठरवलं होतं, पण आता ते झालं. उन्नती गेली. विमानतळावर मधुकररावांनी रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते त्यांना जवळपास जमलं. प्रयागबाईंना ठरवायची गरजच पडली नाही, त्या घरूनच रडत निघाल्या होत्या. आठवड्याभरानं तिचा फोन आला की तिकडं तिला सगळं छान आहे, फक्त चहा जमत नाही. मधुकरराव दिवसभर खुशीत होते. सून आपल्या नवऱ्याजवळ पोचली, पोरगा बोलायला लागला, घर थोडं मोठं वाटायला लागलं होतं, पण तक्रार करण्यासारखं नव्हतं.

फक्त फाईल बंद करताना त्यांच्या हाताला सवय आडवी आली. एवढं मोठं प्रकरण आणि शेवटी आपल्याकडून ऑफिसरला पत्र नाही, हे त्यांच्या शिस्तीत बसेना. त्यांनी हिमानी मॅडमला विचारलं. ती म्हणाली, काका, असं काही पाठवायची तिथं सोय नाही. मधुकररावांनी व्हिसा खात्याच्या वेबसाईटवर सोय शोधली. अगदी तळाशी 'आपला अभिप्राय' असा एक लहानसा रकाना होता. त्यात त्यांनी एका बोटानं, देवनागरीत, पुढील मजकूर टाईप केला आणि पाठवून दोन मिनिटं थांबले.

"विषय: भोजनास येण्याबाबत.

महोदय किंवा महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या सुनेच्या प्रकरणाची छाननी करताना आपण आमच्या कुटुंबाविषयी जेवढी आस्था दाखविली तेवढी माझ्या सख्ख्या साडूनेही आजवर दाखविलेली नाही. या घरातील जे काही मला वाचण्यास मनाई आहे तेही आपण वाचलेले आहे. सबब आपणांस यापुढे परके समजता येणार नाही. तरी आपण आपल्या सवडीने नागपूर येथे येऊन एक वेळ जेवून जावे. एप्रिल ते जून हा कालावधी टाळावा. तिखट चालत नसल्यास तसे आगाऊ कळवावे.

सोबत कोणासही आणण्यास आमची हरकत नाही. सदर व्यक्तीशी आपले नाते खरे आहे किंवा कसे, याबाबत आमच्याकडून कोणताही पुरावा मागण्यात येणार नाही.

तरी विनंती मान्य करून येण्याचा दिनांक उलट टपाली कळवावा, ही विनंती."